शेवंतीचं टेम्प्लेट

ती मराठी बाई नवरा आणि लहान मुलीसह आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली तेव्हा कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा ते मीच तिला शिकवलं. टोकियोजवळच्या इचिकावात मला नऊ वर्षं झाली होती, आणि जपानी वाचायला-लिहायला मी रीतसर परीक्षा देऊन शिकले होते. हिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोलायला पटकन शिकली. सहा महिन्यांत बालवाडीच्या फाटकाशी मुलांच्या जपानी आयांमध्ये उभी राहून खिदळायला लागली. त्या तिला घरी चहाला बोलवायच्या. माझीही मुलगी त्याच वर्गात होती, पण मला कधी कोणी बोलावलं नाही. माझं जपानी किती छान आहे म्हणायच्या आणि चालू लागायच्या. जळफळाट व्हायचा माझा, दुसरा शब्द नाही त्याला.

फेब्रुवारीत वर्गाच्या बाई ऑपरेशनसाठी रजेवर निघाल्या. दुखणं साधं नाही, एवढं सगळ्यांना कळलं होतं. निरोपाला मुलांच्या फोटोंचा व्हिडिओ करायचं काम हिने आपणहून अंगावर घेतलं, आणि येत तर काहीच नव्हतं. मी ऑफिसात ट्रेनिंगचे व्हिडिओ करते, अक्षरं हलवते, चित्रं सरकवते, हे तिला ठाऊक होतं. लॅपटॉप घेऊन वर आली.

तीन सॉफ्टवेअर उतरवून ठेवली होती तिने. एक तिच्या नवऱ्याने सुचवलेलं, आमच्या ऑफिसात वापरतात तेच. त्यात तिने बाईंचं नाव पडद्यावर उडत आणायला घेतलं, ते पडद्याबाहेर गेलं ते परत आलंच नाही. दुसरं फुकटचं, पण प्रत्येक चित्रावर आडवा आपला शिक्का मारणारं. तिसरं जपानी, तयार टेम्प्लेटवालं. टेम्प्लेट निवडा, फोटो टाका, नाव बदला, संपलं. मी म्हटलं, नवशिक्या माणसाने हे तिसरंच घ्यावं, बाकीच्यांच्या नादी लागू नये. एवढा सल्ला मी अगदी मनापासून दिला.

दोन दिवसांनी ती झालेला व्हिडिओ दाखवायला आली. मधोमध बाईंचा हसरा फोटो, त्याला काळी चौकट. दोन्ही बाजूंना पांढरी शेवंती, आणि वरून एकेक पाकळी हळूहळू गळतेय. मी बघतच राहिले. इथे पांढरी शेवंती मयताला वाहतात ते मला माहीत होतं. तिला मात्र आपल्या देव्हाऱ्यातली शेवंती आठवली होती. काळ्या चौकटीत फोटो कसा उठून दिसतो, हेही तिने कौतुकाने दाखवलं. खाली राखाडी अक्षरांत टेम्प्लेटची एक ओळ तशीच राहिली होती.

"ताई, हे काय लिहिलंय हो?"

त्या ओळीचा अर्थ होता, 'हयात असतानाच्या दिवसांच्या स्मरणार्थ'.

"जुन्या दिवसांची आठवण, असं काहीसं," मी म्हटलं. "राहू दे. छान आहे."

मग तिला चहा केला. तिने माझा हात हातात धरून आभार मानले.

निरोपाच्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून बालवाडीत गेले. बघायचं होतं मला. हॉलच्या भिंतीवर व्हिडिओ सुरू झाला आणि आयांची कुजबुज एकदम थांबली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मग माझी नजर बाईंकडे गेली. त्या हातावर हात ठेवून ताठ बसल्या होत्या आणि स्वतःच्या फोटोवर पडणाऱ्या पाकळ्या बघत होत्या. पूर्ण तीन मिनिटं बघितलं त्यांनी. उठल्या, कमरेत वाकून आभार मानले. बाईंच्या वाट्याला हे येणार हे मला आधी दिसलं नव्हतं असंही नाही. मी तिकडे बघायचंच टाळलं होतं. आणि ही माझ्या कानात म्हणाली, बघा, किती भरून आलंय सगळ्यांना.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. तिच्या मुलीलाही खेळायला नेईनात. फाटकाशी सगळ्या हसून नमस्कार करायच्या आणि पुढे जायच्या. काय चुकलं ते तिला समजेना. मला रोज विचारायची, मी रोज म्हणायचे, कामात असतील गं.

पंधरा दिवसांनी त्यांच्यातल्या एकीने मला घरी चहाला बोलावलं. पाच-सहा जणी होत्या. नवे कप काढले होते, बीनच्या सारणाची मिठाई होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विषय काढला. तुम्हाला वाचता येतं, तुमची भाषाही एक आहे, तेव्हा तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने व्हिडिओत काय चुकलं ते तुम्हीच सांगाल का? मी हो म्हटलं. कप तसाच ठेवून निघाले.

तशीच खाली तिच्या दारात गेले आणि सांगितलं. शेवंतीचं, चौकटीचं, त्यांच्या चहाचं, सगळं. मग तिने आतून फोन आणला, व्हिडिओ त्या ओळीवर थांबवला आणि माझ्यासमोर धरला.

"परत एकदा वाचून दाखवा."

मी वाचलं. या वेळी नीट, शब्द न् शब्द.

तिने फोन बंद केला. तिची मुलगी आतून हाक मारत होती.

"चहाला बोलावलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली. "छान करतात त्या."

आणि दार लावून घेतलं.