गोरेकाकांचा गुडघा

गोरेकाकांना ‘तब्येत कशी आहे’ असं विचारायची सोय नव्हती. माणसं ‘बरी आहे’ म्हणून सुटतात. हे जागच्या जागी चार बैठका मारून दाखवत आणि वर विचारणाऱ्याकडे संशयाने बघत.

ते मूळचे इंग्लंडचे. उमेदीच्या वयात तिकडे व्यावसायिक फुटबॉल खेळले, डाव्या कडेने धावणारे विंगर म्हणून. निवृत्तीनंतर हिंडत हिंडत मस्कतला आले आणि तिथल्या गाला भागातल्या आमच्या कंपनीच्या संघाचे कोच झाले. संघात निम्मे कोकणातले वेल्डर आणि फिटर. त्यांनीच ‘गोरेकाका’ हे नाव पाडलं. नवीन आलेला हमखास विचारी, “गोरे म्हणजे चिपळूणचे का?”

पोरांना ते एकच गोष्ट शिकवत: कडेच्या रेघेला चिकटून राहा. म्हणत, “मध्ये गर्दी असते, आणि गर्दीत मॅनेजरचे नातेवाईक असतात.”

हे विनोदाने म्हटलेलं नसे. त्यांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका फायनलला मॅनेजरने त्यांना बाहेर बसवून स्वतःच्या जावयाला खेळवलं, आणि पेपरवाल्यांना सांगितलं की याचा गुडघा दुखावलाय. गुडघा ठणठणीत होता. पण पेपरात दुखावलेला गुडघा बरा होत नाही. पुढे कुठलाही मोठा क्लब आधी त्याचीच चौकशी करी आणि नमस्कार करून निघून जाई.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अर्बाबांनी, म्हणजे मालकांनी, नव्या मैदानाच्या उद्घाटनाला पाहुणा बोलावला. आला तो नेमका हाच मॅनेजर, ऐंशी उलटलेला. मानपत्र मी लिहिलं, विशेषणं अर्बाबांची. भाषणात पाहुण्यांनी ‘बिचाऱ्याच्या गुडघ्याबद्दल’ हळहळ व्यक्त केली. टाळ्या पडल्या. गोरेकाकांनीही वाजवल्या, मग आत जाऊन बूट चढवून आले. वय बासष्ट.

सामना गमतीचा होता, एका माणसाखेरीज सगळ्यांसाठी. पाहुण्यांची खुर्ची डाव्या रेघेलगत मांडलेली. प्रत्येक वेळी गोरेकाका चेंडू घेऊन तिथून सुसाट जात आणि जाता जाता म्हणत, “गुडघा छान आहे, बॉस.” पहिल्यांदा पाहुणे हसले. चौथ्यांदा त्यांनी कॉफीच्या कपात लक्ष घातलं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, म्हणजे डावी कड पलीकडे गेली. गोरेकाकांनी अर्बाबांना सुचवलं, पाहुण्यांना तिकडे वारा लागेल. अर्बाब म्हणाले, “यल्ला,” म्हणजे चला. खुर्ची मी उचलली. आनंदाने.

शेवटी म्हातारा जमिनीकडे बघत पुटपुटला, “हो, तू फिट होतास.”

गोरेकाका चेंडूवर पाय ठेवून थांबले. “मोठ्याने. अर्बाबांना ऐकू गेलं नाही.”

“फिट होता हा,” म्हातारा मोठ्याने म्हणाला. “मी खोटं बोललो.”

अर्बाबांनी कप खाली ठेवला. मी गोरेकाकांच्या चेहऱ्यावर दया शोधली, दिसली नाही. मला तरी त्याचं वाईट वाटलं नाही. ते पुन्हा धावत सुटले आणि दहाव्या पावलाला गुडघ्यात काहीतरी तुटलं. तरी पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते ताठ उभे राहून हात हलवत होते. मग हळूच मला म्हणाले, “धर मला.”

ऑपरेशन मायदेशीच करायचं ठरलं. आठवड्याने त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. व्हीलचेअर ढकलणारा माणूस मल्याळी होता, बोलका. दुखणं जुनं का, असं त्याने विचारलं.

“गेल्या शुक्रवारचं,” गोरेकाका म्हणाले. “त्याआधी कधीच नव्हतं. पाहिजे तर याला विचार.”

मी साक्ष दिली.