मर्डोक गिलिसचा हक्काचा न्यायाधीश

माझा भाऊ एलिशा थॉर्न वकिलीत नुसता बोलून मोठा झाला. पुढे निवडणुकीला उभा राहिला. तेव्हा आमच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात गुपचूप मत देण्याची सोय नव्हती. सगळ्यांदेखत ओट्यावर चढून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. खाली लाकूड गिरणीचा मालक क्रेटन डोळे वटारून उभा. त्याचे कामगार मुकाट्यानं त्याच्या माणसाचं नाव घेत होते. एकटा मर्डोक गिलिस गरजला, "थॉर्न!" दुसऱ्या दिवशी त्याची नोकरी गेली.

एलिशा निवडून हॅलिफॅक्सला विधानसभेत गेला. तिथे गिरणीमालकांविरुद्ध इतका बोलला, की त्याच्याच पक्षाचे पुढारी वैतागले. त्यांनी त्याला उचलून न्यायाधीश केलं. लोक अभिनंदन करत होते आणि मला रडू येत होतं. अहो, बोलण्यावर जगणाऱ्या माणसाच्या तोंडाला कुलूपच की हे!

मग एका वसंतात क्रेटनचे ओंडके नदीत अडवून धरणारी साखळी कुणीतरी तोडली. सगळं लाकूड समुद्रात गेलं. मर्डोकला पकडलं. साखळी तोडताना त्याला पाहिलेलं मात्र कुणीच नव्हतं. ज्युरीत त्याचेच शेजारी, सोडायच्या तयारीनंच आलेले. त्यानं फक्त 'मी नाही' म्हणायचं होतं.

मी कोर्टात पहिल्याच बाकावर होते.

"गुन्हा कबूल आहे?" कारकुनानं विचारलं.

"थांब. तुझा वकील कुठाय?" एलिशा मध्येच म्हणाला.

"तुम्ही असताना वकील कशाला, साहेब?" मर्डोक हसला. "आपलाच माणूस बसलाय वर. केलं मी! पुन्हा करीन!"

लोक खो खो हसले. मेल्या, गप्प बस, असं ओरडावंसं वाटलं मला. एलिशाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मर्डोक, नीट विचार कर. कबुली मागे घे."

"आणि तुमच्यापुढे खोटं बोलू? छे!"

झालं. आता ज्युरीला विचारायचं काही उरलंच नाही.

"दोन वर्षं तुरुंग," एलिशा पुटपुटला. क्रेटनच्या वकिलाला ऐकू गेलं नाही, म्हणून ते पुन्हा सांगावं लागलं.

मर्डोकनं समजूतदारपणे मान हलवली. शिपायानं त्याचा दंड धरला, तेव्हा तो पुढे वाकून हळूच म्हणाला, "बेस झालं, साहेब. क्रेटन खूश दिसतोय. तो गेला की मी मागच्या दारानं घरी जाऊ ना?"