मनानं बघायची ड्युटी

फौजेत मी लई कामं केली. बर्फ उपसला, खेचरं हाकली, एकदा बंद पडलेला रणगाडा ढकलून चालू केला. सोबत दोघं होते, पण त्यांचे नुसते हात टेकलेले होते. गावात या गोष्टीवर कुणी शंका घेत नाही, कारण शंका घेणाऱ्याला मी ती पुन्हा पहिल्यापासून सांगतो. नोकरीच्या शेवटी मात्र नांदेडला, कॉलेजच्या पोरांना परेड शिकवायच्या नेमणुकीवर असताना जे काम केलं, ते सांगायला लागलो की माझी बायकोसुद्धा उठून आत जाते. म्हणून लिहून काढतो.

आमचे मेजर साहेब डोंगराळ मुलखातले. हिंदीत बोलायचे, तेही मोजकं. इथं मी त्यांना मराठी बोलायला लावलंय. खोटं बोलता येत नाही, एवढी एक खोड सोडली तर माणूस उत्तम. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हवालदार, वरच्या साहेबांना एक प्रयोग करायचा आहे. परदेशी फौजांनी म्हणे बंद खोलीत माणसं बसवून शत्रूची ठाणी नुसत्या मनानं पाहिली. आपण मागं राहायचं नाही."

"दिसली का त्यांना, साहेब?"

"ते कुणी सांगत नाही."

प्रयोग असा. एक जवान दूरच्या छावणीत खोलीत बसणार. आमचे साहेब इकडं नांदेड-लातूर भागात, बंद पाकिटातून निघेल त्या जागी, साध्या कपड्यात अर्धा घंटा एकाच वस्तूकडं बघत उभे राहणार. त्यांच्या मनातलं खोलीतल्यानं ओढून घ्यायचं आणि कागदावर काढायचं. मन आपल्या मातीकडं लवकर धावतं, म्हणून जवान याच भागातला पाहिजे. प्रयोग जमला तर त्याला महिन्याची सुट्टी.

सुट्टी म्हटल्याबरोबर मी सावधान झालो. औशाला दिलेल्या माझ्या बहिणीच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. नवरदेव देगलूरचा, फौजेतलाच, आणि त्याच छावणीत. पत्रिका वाटून झालेल्या आणि पोराची सुट्टी नामंजूर. बहीण रोज फोन करायची, "दादा, रणगाडे ढकलतूस म्हनं. एक पोरगं आणता येईना व्हय तुला?"

"साहेब," मी म्हणालो, "त्या छावणीत एक पोरगं हाय. भाजीत मीठ न्हाई हे त्याला लंगरात जेवायला जायच्या आधीच कळतं."

"तुझा कोण लागतो?"

"अजून कुणीच नाही."

पहिलं पाकीट औशाच्या किल्ल्याचं निघालं. साहेब बुरुजाकडं डोळे लावून उभे राहिले. मी लिंबाखाली, तोंड उघडायचं नाही या हुकमात. जरा वेळ गेला नसेल तोच एक म्हातारा बकऱ्या सोडून आला.

"पाव्हणं, कुणीकडचे?"

मन रिकामं ठेवायचं होतं. साहेब गप्प.

"कुणाकडं आलाव?" तरी गप्प. म्हातारा माझ्याकडं वळला. "यांला ऐकू येत न्हाई का?"

मी आभाळाकडं बघितलं. म्हाताऱ्यानं हाळी दिली, तशा दोन बाया आणि एक खुर्ची आली.

"डोळे बगा की कसे लागलेत," एक बाई म्हणाली. "घरी कायतरी झालं असंल."

"बायको गेली असंल माहेरी," दुसरी म्हणाली.

"गेली तर येईल," म्हातारा म्हणाला. "तू च्या आण आधी."

साहेबांनी बुरुजावरची नजर न हलवता चहा घेतला.

संध्याकाळी छावणीतून चित्र आलं. कपबशी.

बुरूज सोडून कपबशी, म्हणजे प्रयोग बुडाल्यात जमा. पण साहेबांनी अहवालात खरं ते लिहिलं होतं, की ठरल्या वेळी हातात कपबशी होती. वरून फोन आला तो मी दाराबाहेर उभा राहून ऐकला. एवढा आनंद माणसाला मुलगा झाल्यावर होतो, तोही चार मुलींनंतर. पाकिटात काय होतं ते न दिसता हातात काय होतं ते दिसलं, म्हणजे पोरगं पाकिटाच्याही पुढं गेलं होतं.

दुसऱ्या खेपेला वरच्यांनी पाकिटात मुद्दाम किनवटच्या जंगलातला एक साग घातला. माणूस औषधाला नाही. अस्वल भेटलं असतं तर त्यालाच मी रस्ता विचारला असता. तरी रेल्वेरुळापलीकडच्या आश्रमशाळेच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण आली, साहेबांना वाट चुकलेला माणूस समजून परत गेली आणि स्टीलच्या पेल्यात कोरा चहा घेऊन आली. छावणीतून चित्र आलं ते बिनकानाच्या कपाचं. वर लोकांना झोप लागेना.

मी पोराला फोन लावला. "खरं सांग, दिसायलंय का तुला?"

"कायचं दिसतंय, मामा. आपल्याकडं नवखा माणूस अर्धा घंटा गप उभा ऱ्हायला अन् त्याला च्या मिळाला न्हाई, असं कधी झालंय का?"

"अन् कपाला कान न्हाई ते?"

"कान काढायचा ध्यानात न्हाई ऱ्हायला."

त्यानं सुट्टीचा अर्ज पुन्हा टाकला. उत्तर आलं की असा हिरा फौजेत एकच आहे, त्याला सोडता येणार नाही, प्रयोग चालूच राहतील. लग्न आठवड्यावर आलेलं. बहिणीनं रडायचं सोडून दिलं, ते जास्त वाईट होतं. "हळद दळून ठेवलीय," एवढंच म्हणाली. "तूच लावून घे."

आता पोरानं नापास व्हायला पाहिजे होतं. "हत्ती काढ," मी त्याला सांगितलं. "कसाबी काढ, पण हत्ती काढ."

तिसरं पाकीट देगलूरच्या बाजारातल्या वजनकाट्याचं होतं. साहेब काट्याकडं बघत उभे राहिले. लोकांनी त्यांना मराठीत, तेलुगूत आणि कन्नडात कुणीकडचे म्हणून विचारलं आणि तिन्ही भाषांत उत्तर न मिळाल्यावर अडत्यानं घरात सांगावा धाडला, माणूस मोठा दिसतोय, शोकेसमधला कप काढा. मी हुकूम मोडून पुढं झालो.

"साहेब चहा घेत नाहीत."

"कामून?" अडत्या म्हणाला. "आमच्या घरचा चालत न्हाई का?"

यावर आमच्या भागात कुणालाच काही बोलता येत नाही. कप आला. पांढराशुभ्र, आणि त्यावर सोंड वर केलेला निळा हत्ती.

साहेबांनी चहा संपवला, कप फिरवून बघितला. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

संध्याकाळी छावणीतून हत्तीचं चित्र आलं आणि पोराला दिल्लीला हलवायची भाषा सुरू झाली. तेव्हा मी साहेबांपुढं उभा राहिलो आणि भाची, हळद, चहा सगळं सांगून टाकलं.

"चहाचं मला औशालाच कळलं होतं," साहेब म्हणाले.

"मग अहवालात?"

"काय दिसलं एवढंच विचारलं होतं. का दिसलं, हे कुणी विचारलं नाही." मग म्हणाले, "आणि हत्ती?"

"मी सांगितला म्हणून काढला त्यानं."

"कपावरचा?"

"त्याचं मला काही माहीत नाही, साहेब."

मग साहेबांनी वर लिहिलं की एवढे दिवस लांबून प्रयोग झाले, आता जवळून करायला हवा. जवानाला ड्युटीवर औशाला पाठवा, जागा कार्यक्रमाचा मांडव. कसला कार्यक्रम, ते कुणी विचारलं नाही. पोरगं हळदीच्या दिवशी सरकारी रेल्वे-वॉरंटवर, बिनतिकिटाचं, येऊन पोचलं.

मंगलाष्टकं चालू झाली. मी मामा, म्हणून भाचीच्या मागं उभा. मधे अंतरपाट, पलीकडं पोरगं. साहेब त्याच्या खांद्याशी येऊन हळूच म्हणाले, "प्रयोग सुरू. समोर काय आहे?"

पोरानं डोळे ताणले. भटजी एक अख्खं कडवं म्हणून मोकळे झाले.

"सायब, कायबी दिसंना. मधी कापड हाय."

साहेबांनी तेच जसंच्या तसं वर कळवलं. हातभर अंतरावरून, एका कापडाआडून, जवानाला स्वतःची बायको दिसली नाही. पुढच्या आठवड्यात प्रयोग बंद झाला आणि पोराची सुट्टीही मंजूर झाली.

पण ते नंतरचं. मांडवात अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. भाची हार हातात घेऊन मान न वळवता मला म्हणाली, "मामा, मला तर समदं दिसत हुतं. त्याच्या मिशीला हळद लागलेली बी."

"हळू बोल," मी म्हणालो. "सायब हितंच हाईत."