नातीशी बोलण्यापुरतं फ्रेंच

शिवणताईंची लेक फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात दिलेली, आणि नात वाढत होती तीही त्याच भाषेत. आपल्या भाषेतला एकच शब्द तिला येई: आजी. फोनवर तो म्हणून झाला की दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. ताई तिचे फ्रॉक फोनवरच्या अंदाजानेच बेतायच्या आणि आत चार बोटं माया ठेवायच्या. वाढली असली तर उसवून घेतील.

शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना गाठलं. मास्तरांनी जन्मभर फ्रेंच शिकवलेलं. त्यांच्या पँटी कमरेत घेता घेता धडे सुरू झाले.

"क्रियापदं चालवणं आता तुम्हाला झेपायचं नाही. 'मला हवंय' एवढं पाठ करा आणि पुढचं क्रियापद मूळ रूपातच ठेवा."

"म्हणजे कापडाला कात्री लावायचीच नाही!"

"अगदी तसंच."

"मग 'तू इकडे यावंस' हे कसं म्हणू?"

"तिथे हे चालत नाही हो. आपल्याला स्वतःला काही करायचं असेल तरच मूळ रूप. दुसऱ्यानं करावं म्हटलं की दुसरं वाक्य जोडा, क्रियापद बदला. सगळा खटाटोप."

"दुसऱ्याकडून काही हवं असलं की भाषासुद्धा आडवी येते वाटतं?"

"येते तर! 'पँट द्या' म्हणून मी महिनाभर सांगतोय."

ते जोडवाक्य काही ताईंच्या जिभेवर बसलं नाही. तसंही "कधी येणार?" विचारून त्यांची जीभ झिजली होती, आणि लेक दर वेळी "बघू" म्हणून विषय बदलायची.

रविवारी फोन लागला. देवाला हात जोडून, जमलं तेवढंच ताई म्हणाल्या, "झ् वो वनीर." मला यायचंय.

मागे भांडी लावणारी लेक थबकली. "आई, तू? तू तर उंबरा ओलांडत नाहीस!"

नात मात्र फोन घेऊन पळालीसुद्धा. जिना हलला, दार हललं, छोटा पलंग दिसला. तिनं आपली उशी भिंतीकडे सरकवली आणि मोकळ्या जागेवर हात आपटत काहीतरी ओरडली.

"काय म्हणतेय गं?"

"ये म्हणतेय," लेकीचा आवाज लांबून आला. "आत्ताच ये म्हणतेय."

ताईंनी पडद्यावरच्या त्या जागेवर बोट ठेवलं. जेमतेम दोन बोटांची होती.

"खरं माप तिथे गेल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या, आणि गळ्यातली टेप काढून पर्समध्ये ठेवली.