काखेतले पिस्तूल

शस्त्र जवळ असलेला माणूस कोणापुढे झुकत नाही, असे धाकट्या बहिणीचे सासरे म्हणत. परवा नव्या पेठेत चपला घेताना कोऱ्या चामड्याचा वास आला आणि पस्तीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नात आलेले ते आठवले.

वैशाखाच्या उन्हात ते बंद गळ्याचा कोट घालून आले होते, कारण पिस्तूल काखेखाली चामडी म्यानात होते. "चोराला दिसत नाही आणि हात झटकन पोचतो," हा फायदा त्यांनी मांडवात प्रत्येकाला कोट उघडून दाखवला. तोट्याबद्दल ते बोलले नाहीत. तो त्यांच्या मानेवरून ओघळत होता.

पंगतीच्या दारात आमच्या आत्याने त्यांना अडवले. "चामडं सोवळ्यात चालायचं न्हाई, व्याहीबुवा."

"इंग्रज साहेबाच्या परवान्याची वस्तू आहे, बाई. नजरेआड करणार नाही."

ते माघारी वळले. व्याही उपाशी गेले तर बहिणीला जन्मभर ऐकावे लागणार, म्हणून मी त्यांच्या मागे धावलो. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला. भात निवत होता.

"लोखंडाला कुटं विटाळ असतोय?" आत्या म्हणाली. "ते घ्या की आत. कातडं ठेवा भाईर."

कोट आणि म्यान ओट्यावर राहिले. पिस्तूल रेशमी वस्त्रात गुंडाळून पानाशेजारी बसले आणि व्याह्यांनी उघड्या अंगाने सात जिलब्या खाल्ल्या. तेव्हा मला हसू आवरेना. आज वाटते, दिवसभरात ते तेवढाच वेळ सुखात होते.

हात धुऊन बाहेर आलो, तर म्यान कुत्र्याने नेले होते. पिस्तूल बुंदीच्या पिशवीतून गावी गेले.