तीन आठवड्यांची सुट्टी

उभ्या भोर संस्थानात सुट्टीसाठी इतका झिजलेला आणि स्वतः एकही सुट्टी न घेतलेला माणूस आमच्या हेडमास्तरांशिवाय दुसरा झाला नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमची दोन मास्तरांची शाळा. ते हेडमास्तर आणि मी असिस्टंट. भातलावणी लागली की पोरं चिखलात आणि आम्ही दोघे वर्गात. तरी गुरुजी हजेरीपट उघडून एकेक नाव मोठ्याने पुकारत, उत्तराची वाट पाहत आणि शेवटी मला म्हणत, "आज वर्ग फारच शांत आहे, नाही?" 

पुढच्या वर्षाच्या सुट्ट्या भोरला मास्तरांच्या सभेत ठरत. घोंगडीत गुंडाळलेला हजेरीपट काखेत मारून गुरुजी दरसाल मला घेऊन पायी जात आणि एकच मागणी करत: उन्हाळ्यातले तीन आठवडे कापा आणि लावणीला द्या. लावणीतच डिपोटीसाहेब तपासणीला आले आणि वर्ग रिकामा दिसला तर शाळा बंद होईल, ही त्यांची कायमची धास्ती. एकदा भोरच्या एका मास्तरांनी तोंडावर विचारलं, "तुमच्या चिखलापायी आम्ही सासुरवाडीचे आंबे सोडायचे का?" गुरुजींना सभेत कधीच उत्तर सुचत नसे. परतीच्या वाटेवर मात्र ते मला एकाहून एक खणखणीत उत्तरं ऐकवत.

अखेर सभाच कंटाळली. आमच्या शाळेपुरती सुट्टी मंजूर झाली आणि दिवस गुरुजींनीच लिहून द्यायचे ठरले. त्यांनी जागच्या जागी लिहिलं, 'आषाढ शुद्ध प्रतिपदेपासून तीन आठवडे.' मीही मान डोलावली. पाडव्याला नवं पंचांग हाती आलं तेव्हा कळलं की यंदा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे आषाढ महिनाभर लांबणार. गुरुजींनी दुरुस्तीचा अर्ज धाडला. उत्तर आलं, बदल पुढच्या सभेत.

पाऊस आपल्या वेळेवर आला. लावणी चालू आणि शाळाही चालू. बांधावरून गावचे म्हातारे पाटील म्हणाले, "गुरुजी, पाऊस नक्षत्रावर येतो. तुमी तिथी कशापायी धरली? आमाला इचारायचं तरी!"

 गुरुजी म्हणाले, "खरंच हो. इतकी वर्षं भांडलो, पण तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं."

त्याच आठवड्यात डिपोटीसाहेब आले. गुरुजींनी त्यांच्यासमोरही सगळी नावं पुकारली, शेवटच्या नावापर्यंत. शाळा बंद झाली. माझी बदली खाली भाटघरला झाली आणि गुरुजी भोरला घरी बसले.

मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्याइतकी आठवणही कुणाची येत नाही. आर्द्रा लागल्या की अजून त्यांचं कार्ड येतं: 'लावणी सुरू झाली का? पोरं आली नाहीत तर रागावू नका.' मी भाटघरचं सगळं सविस्तर कळवतो. वरच्या गावाबद्दल मात्र काही लिहीत नाही. तिथल्या पोरांना आता बाराही महिने सुट्टी आहे.