गार होऊ द्या, मग मापा

ही हकीकत मी पुष्कळ वर्षं टाळली. टाळली म्हणजे सांगितलीच नाही असं नव्हे. सांगितली, पण खोटी. निवृत्त झाल्यापासून साताऱ्यातलं एक कॉलेज मला दरवर्षी व्याख्यानाला बोलावतं. विषय ठरलेला: कामाच्या ठिकाणी स्वतःची नेतृत्वशैली कशी घडवावी. शाल, नारळ, समोर वह्या उघडून बसलेली मुलं. तिथं मी सांगलीतल्या एका निष्काळजी टर्नरची, लेथवर लोखंड कातणाऱ्या कामगाराची, गोष्ट सांगतो आणि मुलं ती उतरवून घेतात. तो टर्नर निष्काळजी नव्हता. आणि माझ्याकडे स्वतःची शैली म्हणावं असं काहीच नव्हतं. जी होती ती चोरलेली, तीही अर्धी.

चोरी साताऱ्याची. तिथल्या कारखान्यातले माझे पहिले साहेब कुणाला ओरडत नसत. चुकलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, हातात घेत, सगळ्यांदेखत जमिनीवर टाकत आणि एक शब्द न बोलता निघून जात. अख्खं मशीन शॉप गप्प व्हायचं. मी बावीस वर्षांचा होतो, मला ते फार भारी वाटलं. साहेबांनी स्वतः वीस वर्षं लेथ चालवली होती आणि जॉब टाकल्यावर संध्याकाळी ते त्याच कामगाराच्या घरी चहाला जात, हेही मी पाहिलं होतं. पण चहात रुबाब दिसत नाही. मी टाकणं तेवढं उचललं.

पुढे सांगलीत पंपाच्या एका कारखान्यात मी शॉपचा मुख्य झालो. साहेबांसारखा चष्मा कपाळावर सरकवायचा, मागे हात बांधून चालायचं, उत्तर देण्याआधी उगाच थांबायचं. साताऱ्याच्या साहेबांना पाहिलेले काहीजण तिथंही होते; कामगार माझ्या पाठीमागे मला ‘डुप्लिकेट’ म्हणत. मला ठाऊक होतं, आणि तेव्हा मला वाटायचं की साल्यांना मोठेपणा ओळखता येत नाही.

त्या शॉपमध्ये एक रीत होती. ज्या टर्नरच्या हातावर पूर्ण भरवसा, त्याला त्याचा नंबर कोरलेला एक पोलादी पंच, म्हणजे ठसा, मिळायचा. त्यानं जॉबवर पंच मारला की जॉब तपासणीला जायचा नाही, थेट गाडीत चढायचा. मी गेलो तेव्हा असा पंच एकाच माणसाकडे होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. मूळचे रहिमतपूरचे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. पंच ते हत्यारांच्या पेटीत नव्हे, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवत.

एके दिवशी दुपारच्या गाडीसाठी मी घाई लावली होती. चाचांनी पंपाच्या एका बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कवचाचं आतलं भोक कातून काढलं आणि पंच मारला. मी उगाचच तो जॉब उचलून मापला. भोक मोठं भरलं. मोठं झालेलं भोक पुन्हा लहान करता येत नाही, जॉब गेला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं होती. मला साताऱ्याचे साहेब आठवले.

चाचा शांतपणे म्हणाले, “सायेब, जॉब गरम हाय. तासभर गार होऊ द्या, मग मापा.”

गरम लोखंड फुगतं, भोकही थोडं मोठं भरतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मी तर इंजिनियर. पण मला त्यात माप ऐकू आलं नाही, उलट उत्तर ऐकू आलं. मी जॉब टाकला. बीड ते, ठिसूळ, कड उडाली.

मागून कुणीतरी म्हणालं, “सातारचं नाटक हितं लावलंय, गड्या.”

दोघं-तिघं हसले. त्या हसण्यापायी मी जे केलं ते साताऱ्याच्या साहेबांनी कधीही केलं नसतं. चाचांपुढे हात पसरला आणि पंच मागितला. त्यांनी वाद घातला नाही. आतल्या खिशातून काढला, कापडानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. उरलेलं वर्षभर त्यांचा प्रत्येक जॉब तपासणीला गेला, शिकाऊ कामगाराच्या जॉबशेजारी. एकही परत आला नाही.

त्याच दुपारी चाचांनी कातलेला दुसरा जॉब, गार झालेला, मी एकटा असताना मापला होता. अगदी बरोबर. म्हणजे मी टाकलेलाही बरोबरच असणार. मला तेव्हाच कळलं होतं. पण कड उडालेला जॉब भंगारात गेला, आता तपासणार कोण? वरच्यांनी माझं कौतुक केलं, शॉपला शिस्त लागली म्हणाले. बढती मिळाली. पंच माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

गेल्या हिवाळ्यात तो पंच खिशात घालून मी रहिमतपूरला गेलो. चाचा लेकीकडे राहत होते. बाजेवर बसले होते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. त्या हातांनी कातलेली भोकं मी बघितली आहेत. बराच वेळ गुडघ्यांबद्दल, औषधांबद्दल बोलणं झालं. मग ते म्हणाले, “माझी नात तुमच्या त्या कॉलेजात हाय. तुमी पोरांस्नी माझी गोष्ट सांगता म्हनं.”

मी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“नाव घेत न्हाई, ते बरं करता,” ते म्हणाले. टोमणा असता तर सोपं गेलं असतं. ते खरंच आभार मानत होते.

मी म्हणालो की व्याख्यानात असं थोडंफार इकडचं तिकडं होतं. मग थंडी वाढल्याचं बोललो. मग उठलो. पंच खिशात मांडीला टोचत होता. दोन महिन्यांनी त्यांच्या लेकीचा फोन आला, की ते गेले.

त्यांच्याकडे जाताना एसटीत मी एक वाक्य पाठ केलं होतं. कोरेगाव सोडल्यापासून रहिमतपूरच्या स्टँडपर्यंत, ओठातल्या ओठात. लांब भाषणं देणाऱ्या माणसाला तेवढंच एक म्हणायचं होतं.

चाचा, जॉब बरोबर होता. गरम मापला तो मी.